पिवळा कपलर

टाकेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस गल्लीत उरलं नव्हतं. एकदा बँकेत शिपायाने ते नाव पुकारलं, तर काका शेजारच्या गृहस्थांकडे बघत बसले, की हा उठत का नाही. त्यांची सुरुवात झाली सिनेमा थिएटरच्या खुर्च्यांपासून. फाटलेल्या खुर्चीला ठिगळ लावायचं, तेही एक खेळ सुटून दुसरा सुरू होईपर्यंत. तिथून ते बसच्या सीटांकडे आले आणि बसकडून मोटारींकडे. गेली पस्तीस वर्षं मोठ्या रस्त्यामागच्या बोळात, पत्र्याच्या शेडमध्ये, ते जुन्या मोटारींच्या सीटा उसवत आणि शिवत होते. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरात राहत होते, भाऊ गेल्यावरही तिथेच राहिले, फक्त भाजी आणायचं काम त्यांच्याकडे आलं.

भावाला दोन मुली. मोठी लग्न होऊन लांब गेली. दुसरीला सगळे धाकटीच म्हणत, आणि ती सत्तावीस वर्षांची झाली तरी त्यात बदल झाला नव्हता. ती लहानपणी शाळेतून परस्पर शेडमध्ये यायची आणि फोमच्या ढिगावर झोपायची. आता ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि येत्या सोमवारपासून तिला नवं काम मिळालं होतं. डोंगरातल्या सहा दवाखान्यांत रोज स्वतः गाडी चालवत जायचं, रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. तिने हे काम मागून घेतलं होतं.

वहिनी एरवी कोणाच्या मधे पडत नसत, पण या वेळी अडून बसल्या. अरुंद रस्ता, एका बाजूला दरी, समोरून लाकडाचे ट्रक. त्या म्हणाल्या, जायचं तर जाऊ दे, पण जिच्यात एअरबॅगचे फुगे असतील अशाच गाडीतून. आणि तेही भाऊजींनी बघितल्याशिवाय नाही.

तेव्हा गाडी बघायला काका गेले. वीसेक वर्षं जुनी, पण दणकट, गर्द हिरव्या रंगाची गाडी होती. रंग नंतर दिलेला होता, सीटांवर कव्हरं चढवलेली होती. काकांनी दारं उघडली, लावली, गालिचा उचलून गंज बघितला. मग किल्ली फिरवली. अशा गाडीत किल्ली फिरवली की समोर एक लाल दिवा लागतो, बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्यापुढे एक गोळा. पाच-सहा सेकंदांत तो विझला तर फुगे ठीक, लागलेलाच राहिला तर कुठेतरी गडबड आहे. काकांनी मनात आकडे मोजले. सहाव्याला दिवा विझला. घरी येऊन त्यांनी सांगितलं, फुगे ठीक आहेत. वहिनींनी पुढे एक शब्द विचारला नाही. गाडी घरी आली.

शुक्रवारी दुपारी ती शेडमध्ये उभी होती. धाकटीने रजा घेतली होती. ड्रायव्हरच्या सीटचा फोम एका कडेला बसला होता आणि रोज पाच तास तशा सीटवर बसलं तर पाठीचा भुगा होईल असं काकांचं म्हणणं होतं. कव्हरं काढली, तर खाली मूळ कंपनीचं राखाडी कापड, तेही बरं. काका खुश झाले. धाकटी मागच्या बाजूला वाकून गालिचा घासत होती आणि मधूनमधून विचारत होती, की काका, गाडी माझी, आणि गुणगुणताय तुम्ही?

सीट बाहेर काढायची म्हणजे चार बोल्ट आणि खालचे कपलर, म्हणजे वायरी जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या प्लास्टिकच्या जोडण्या. ही सीट विजेवर सरकणारी होती. मागचे बोल्ट दिसायला सीट पुढे न्यायची, पुढचे दिसायला मागे, आणि त्यासाठी बॅटरी जोडलेली लागते. बोल्ट निघाले की मग बॅटरी सोडायची आणि थांबायचं. सीटच्या कुशीतला फुगा स्फोटाच्या दारूच्या एका पुडीवर फुटतो, आणि बॅटरी सोडली तरी गाडीच्या पोटात काही वेळ वीज साठून राहते. शेजारचा वायरमन म्हणायचा दहा मिनिटं पुरेत. काका वीस थांबायचे. फुगा फुटताना बोटं खाली असली तर काय होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या गावातल्या एका कारागिराचा हात त्यांनी पाहिला होता, त्याने तो खिशातून काढला नव्हता तरी.

वीस मिनिटं ते आणि धाकटी चहा पीत बसले. तिने सोमवारचा रस्ता सांगितला, कुठला दवाखाना आधी, कुठे वळणं जास्त. एक वळण असं आहे म्हणाली, की समोरचा दिसतच नाही, हॉर्न ऐकूनच समजायचं. काकांनी कप खाली ठेवला आणि घड्याळ बघितलं. अजून सहा मिनिटं होती.

मग त्यांनी सीट मागे उलथी केली आणि आडवे होऊन खाली डोकं घातलं. दोन कपलर होते. मोठा काळा सीटच्या मोटारींचा, लहान पिवळा फुग्याचा. जुन्या गाडीत हे प्लास्टिक वाळून हाडासारखं होतं, वर वर्षानुवर्षं सांडलेली सरबतं आणि धूळ. नवखा माणूस ओढत सुटतो आणि जितकं ओढेल तितका आतला खटका घट्ट बसतो. काकांची पद्धत उलटी. आधी दोन्ही अर्धे एकमेकांत आणखी दाबायचे, खटक्यावरचा ताण गेला की बोटाने तो खाली करायचा आणि मग हलकेच सोडवायचं. काळा कपलर एका दमात सुटला. काका स्वतःशीच हं म्हणाले.

पिवळा हलेना.

त्यांनी दाबून पाहिला. तो दाबलाही जाईना, जणू दोन तुकडे नव्हतेच, एकच गोळा होता. त्याचं दुसरं लहान लॉक असतं, सरकवायचं, ते शोधलं. ते जागेवर नव्हतं. केस वाळवायचं यंत्र आणून त्यांनी लांबून ऊब दिली. ऊब लागली तसा एक वास आला, कडवट आणि ओळखीचा. रबराच्या सोल्युशनचा वास, ज्याने ते फोमवर फोम चिकटवतात. काकांचा हात थांबला. कंपनी कपलरमध्ये सोल्युशन कशाला घालील?

त्यांनी चष्मा पुसला, बॅटरीचा दिवा जवळ घेतला आणि नखाने वरचं किटण खरवडलं. खाली दोरा निघाला. मेण लावलेला, जाड, सीटा शिवायचा दोरा. कपलरभोवती तीन वेढे, मग एक वेढा उलटा मागे घेऊन त्याच्याच पोटातून काढलेला. ही गाठ पुस्तकात नाही. थिएटरच्या अंधारात दोन बोटांनी मारता यावी म्हणून त्यांनी ती स्वतः बसवली होती आणि दुसरं कोणी ती मारत नव्हतं.

काका तसेच पडून राहिले. पाठीखालचा गाडीचा पत्रा गार लागत होता.

गाडी तेव्हा चंदेरी होती. बारा वर्षं झाली असतील. हेच काम, ड्रायव्हरच्या सीटचा फोम. तेव्हा त्यांना पिवळ्या कपलरची रीत माहीत नव्हती, त्यांनी पेचकस घातला आणि लॉक मोडलं. सीट परत बसवल्यावर लाल दिवा विझेना. मालक येऊन उभा राहिलेला, त्याला गाव गाठायचं होतं. मग वायरमन आला. त्याने कपलरच्या गाडीकडच्या तोंडात शेंगदाण्याएवढा एक रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, बसवला. फुग्याची वायर तशीच मोकळी राहिली, पण गाडीला वाटलं फुगा जोडलेला आहे, आणि दिवा विझला. दोन्ही तुकडे काकांनी दोऱ्याने बांधले आणि वर सोल्युशन ओतलं, म्हणजे हलायला नको. मालक हसत गेला. काकाही हसले असतील.

म्हणजे या सीटच्या कुशीत फुगा होता, आणि तो बारा वर्षं कशालाच जोडलेला नव्हता. आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी किल्ली फिरवून सहापर्यंत मोजलं होतं.

“काय हो, निघेना का?” धाकटीने मागून विचारलं.

काही नाही म्हणाले. वायरमनकडून एक वस्तू घेऊन येतो म्हणाले आणि उठले. उठताना डोकं स्टिअरिंगला लागलं, ते त्यांना कळलंही नाही.

वायरमनला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो लवकर उडायचा. आता म्हातारा झाल्यावर तेवढा उडत नसे. तो खुर्चीत बसून एका पंख्याची मोटर गुंडाळत होता. काकांनी दारातच उभं राहून हलक्या आवाजात सगळं सांगितलं. फ्यूजने ऐकून घेतलं आणि आधी हसला. म्हणाला, माझं काम बारा वर्षं टिकलं, कंपनीचं टिकत नाही. मग काकांचा चेहरा बघून हसायचा थांबला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. भंगारवाल्याकडे याच जातीची एक ठोकलेली गाडी पडली आहे. तिची उजवी बाजू शाबूत आहे, फुगा फुटलेला नाही. तिथून फुगा, वायर, कपलर, सगळं आणायचं, उद्या बसवायचं, आणि हा दोरा कापून गटारात टाकायचा. पोरगी सुरक्षित, विषय संपला. कोणाला काय कळणार आहे?

काकांना ते पटलं. खरं सांगायचं तर त्यांना ते इतकं पटलं, की त्यांच्या पायांत बळ आलं. मग ते वळता वळता म्हणाले, “आणि बाकीच्या?”

फ्यूजने तारेचं टोक दातात धरलं होतं. ते काढून तो म्हणाला, “कुठल्या बाकीच्या? तू काही बोलू नकोस. मीही काही बोललेलो नाही. या वयात पोलिसांच्या बाकावर बसायची माझी इच्छा नाही.”

ही गाडी एकटी नव्हती. त्या पहिल्या दिवशी ते जमलं, म्हणून पुढे जमवत गेले. पिवळा कपलर अडला की पेचकस, मोडला की फ्यूज, मग दोरा आणि सोल्युशन. चार-पाच वर्षं असं चाललं. पुढे कोणीतरी खटक्याची खरी रीत दाखवली, तेव्हा बंद झालं. बंद झालं म्हणून काका ते विसरूनही गेले. गाडी गेली की गेली, परत कोण उलटून बघतं?

ते शेडकडे आले तेव्हा मनात ठरलं होतं. भंगारवाल्याकडे संध्याकाळच्या आत जायचं, धाकटीला घरी पाठवायचं, काम एकट्याने करायचं. पण शेडमध्ये गालिचा घासल्याचा आवाज येत नव्हता.

धाकटी पुढच्या दारातून आडवी झाली होती, मघाशी ते पडले होते तशीच. तिचा एक हात उलट्या सीटखाली होता. दिवा तिने घेतलाच नव्हता. ती डोळे मिटून बोटांनी चाचपत होती, जशी लहानपणी दप्तराचा बंद अंधारात चाचपायची. ही गाठ तिला सात वर्षांची असताना काकांनीच शिकवली होती.

“हात काढ तिथून,” काका म्हणाले.

तिने हात काढला नाही. “काका, ही गाठ तुमची आहे.”

बाहेर रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली आणि बंद झाली. एवढ्या वेळात काहीही सांगता आलं असतं. दुसऱ्या कोणी मारली असेल. जुनी वायर होती, बांधून ठेवली. त्यांना एकही खोटं धड जुळवता आलं नाही, किंवा जुळलं होतं ते जिभेवर आलं नाही. ते फोमच्या ढिगावर बसले आणि त्यांनी सांगितलं. मालकाची घाई, मोडलेलं लॉक, रेझिस्टन्स, सोल्युशन. भंगारवाल्याचंही सांगितलं आणि दोरा गटारात टाकायचा बेत होता तोही.

धाकटी उठून बसली. तिच्या बोटांना काळं लागलं होतं आणि ती ते चोळत होती, पण पुसलं जात नव्हतं.

“आईला तुम्ही सांगितलंत फुगे ठीक आहेत.”

“दिवा विझला होता.”

“दिवा तुम्हीच विझवला होतात, काका.”

हे ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना बोलते तशा आवाजात म्हणाली. मग तिने विचारलं, अशा अजून किती गाड्या आहेत. काकांनी बोटं मोजली. एकदा मोजून परत मोजली, कारण एक गाडी दोनदा धरली की काय असं वाटलं.

“ही सोडून सात.”

भंगारातल्या फुग्यावर भरवसा नाही म्हणत तिने फोन काढला, प्रयोगशाळेत कळवलं की सोमवारी येणं जमणार नाही, गाडी तयार नाही. पलीकडून कोणीतरी बरंच बोललं. तिने हो, हो म्हणून ऐकून घेतलं. ते काम बहुधा दुसऱ्या कोणाला जाणार होतं, एवढं काकांना तिच्या खांद्यांवरून कळलं. मग तिने वही उघडली आणि म्हणाली, नावं सांगा.

नावं काकांना येत नव्हती. त्यांना सीटा आठवत होत्या. एक निळ्या कापडाची, डावी कड कुत्र्याने कुरतडलेली. एक जळक्या भोकांची, तो माणूस सिगारेट ओढता ओढता डुलक्या काढायचा. एकीत मुलांचा चिकट रंग सांडलेला, तो शेवटपर्यंत गेला नव्हता. एका सीटच्या पोटात सोन्याची बाळी सापडली होती आणि ती त्यांनी नेऊन दिली होती. त्या घरच्या बाई दारात रडल्या होत्या. धाकटी सगळं लिहून घेत होती, कुत्रा, भोकं, रंग, बाळी. ते ऐकायला विचित्र वाटत होतं. लिहिता लिहिता तिने एकदाच वर बघितलं.

“यातल्या किती जणांच्या घरात मुलं होती?”

काकांनी सांगितलं, की रंगवाल्यांच्या दोन. बाकीच्यांचं आठवत नाही.

शेडच्या मागच्या भिंतीवर, फोन पूर्वी होता त्या खिळ्याशेजारी, गिऱ्हाइकांचे नंबर पेन्सिलीने लिहिलेले होते. काही पुसले होते, काहींवर चुना बसला होता. दोघांनी मिळून तीन शोधून काढले. धाकटी म्हणाली, मी बोलते. तिने नंबर लावायला अंगठा टेकवलाही होता. काकांनी तिच्या हातातून फोन घेतला.

“वहिनींनाही मीच सांगेन,” ते म्हणाले. “आज. जेवायच्या आधी.”

निळ्या सीटचा नंबर पहिला होता. आकडे दाबताना एक आकडा चुकला, पुन्हा दाबले. बराच वेळ वाजत राहिलं. काकांना वाटलं नंबर बदलला असेल, आणि तसं वाटताच जे बरं वाटलं त्याची त्यांना लाज वाटली. मग फोन उचलला गेला.

बाईचा आवाज होता, वयस्कर. काकांनी विचारलं, साहेब आहेत का. नाहीत, म्हणाल्या. काकांनी घाईने विचारलं, तुमच्याकडे एक निळ्या सीटांची गाडी होती, ती अजून आहे का, की विकली?

“विकली नाही,” बाई म्हणाल्या. “ती अपघातात गेली, साहेबांबरोबरच. चार वर्षं झाली.” आणि थोड्या वेळाने, “तुम्ही कोण बोलताय?”

समोर धाकटी वही छातीशी धरून उभी होती. तिने ऐकलं नव्हतं, पण काकांचा चेहरा तिला दिसत होता. फोन ठेवता आला असता. चुकीचा नंबर लागला म्हणता आलं असतं, बाईंनी ते खरंही मानलं असतं.

“मी सीटा शिवणारा,” काका म्हणाले. “तुमच्या गाडीची ड्रायव्हरची सीट मी केली होती. तिच्या फुग्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाई बसल्या असाव्यात.

“बोला,” त्या म्हणाल्या.